घरातल्या चिंध्यांतून झाडीपट्टीचा राजा: मुलांसोबत वेशभूषेचं कोलाज कसं करायचं?

शाळेचं स्नेहसंमेलन असो की तान्हा पोळा, 'वेशभूषा स्पर्धा' जाहीर झाली की घरात धावपळ सुरू होते. भाड्याचा ड्रेस शोधायचा, मापात बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. यात मूल फक्त उभं राहतं, करत काहीच नाही. यावर एक सोपा आणि जवळपास फुकटचा उपाय आहे: वेशभूषेचं कोलाज.

वेशभूषेचं कोलाज म्हणजे काय?

पुठ्ठ्यावर माणसाची आकृती काढायची आणि तिला कापड, कागद, सुतळी अशा खऱ्या वस्तूंचे तुकडे चिकटवून कपडे 'घालायचे'. रंगवायचं काही नाही. लुगडं कापडाचं, दाढी नारळाच्या शेंडीची, मुकुट लग्नपत्रिकेचा.

पात्र कुठून आणायचं?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना पात्रं शोधायला टीव्हीकडे बघायची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धानाची कापणी उरकली की दिवाळीपासून होळीपर्यंत इथे गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र आहे. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाला.

नाटकातला राजा, जमीनदार, खलनायक, शेतकरी, म्हातारी आजी, यातलं कोणतंही एक पात्र निवडा. दंडार या इथल्या लोकप्रकारात बायकांच्या भूमिका पुरुष करत आले आहेत. एक लुगडं आणि चार दागिने घातले की माणूस कसा बदलतो, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

कात्री उचलण्याआधी तीन प्रश्न

मुलाला विचारा: हा माणूस कोण आहे? दिवसभर काय करतो? त्याच्या अंगावर काय असेल आणि का? शेतकऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा का, चिखलणीत धोतर वर का खोचलेलं, याचं उत्तर मुलाने शोधलं की अर्धं काम झालं.

साहित्य काय लागेल?

– जुन्या खोक्याचा जाड पुठ्ठा, साधारण हातभर उंच
– जुन्या साडीचे काठ, फाटका सदरा, शिंप्याकडच्या चिंध्या
– जुन्या लग्नपत्रिका (मुकुट, दागिने)
– चिप्सच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू, धुऊन-पुसून (तलवार, चिलखत)
– नारळाची शेंडी, कापूस, सुतळी (दाढी, मिशा, केस)
– गोणपाटाचा तुकडा (घोंगडं), जुन्या टिकल्या (दागिन्यांचे खडे)

तांदूळ आणि डाळी टाळा. त्याला किडे लागतात, उंदीर येतात, आणि धानाच्या मुलखात अन्न चिकटवणं आजीलाही रुचणार नाही.

कृती

१. खळ करा: दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. गॅसजवळचं काम मोठ्यांनीच करावं.
२. आकृती काढा: लहान मुलाला पुठ्ठ्यावर झोपवलेल्या बाहुलीभोवती पेन्सिल फिरवू द्या. प्रमाण चुकलं तरी चालेल.
३. आधी मांडा, मग चिकटवा: सगळे तुकडे कोरडेच ठेवून बघा. जागा पटली की खळ लावा.
४. आतून बाहेर या: आधी धोतर किंवा लुगडं, मग सदरा, मग दुपट्टा, शेवटी दागिने. आपण कपडे घालतो तोच क्रम.
५. निऱ्या घाला: साडीची पट्टी कागदी पंख्यासारखी दुमडून फक्त वरची कड चिकटवा. खालची मोकळी ठेवली की लुगडं खरं वाटतं.
६. वाळवा: वर जुनं वर्तमानपत्र आणि जड पुस्तक ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

'आदिवासी' करायचं असेल तर?

इथे जरा थांबा. वेशभूषा स्पर्धेत पानांचा घागरा, डोक्याला पिसं आणि तोंडाला काळा रंग लावून 'आदिवासी' उभा केला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात जवळपास ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे त्याच वर्गात गोंड किंवा माडिया मूल बसलेलं असतं, आणि त्याच्या घरात असं कुणीच राहत नाही. वरचे तीन प्रश्न विचारले की हा पानांचा घागरा आपोआप गळून पडतो. त्याची आजी लुगडं नेसते, वडील शर्ट-पँट घालतात, ताई कॉलेजला जाते.

मोरपिसांचा भव्य टोप घालणारे गुसाडी नर्तक आदिलाबादेत आणि लगतच्या राजुरा-जिवती भागात दिवाळीत दिसतात. पण तो गोंडांच्या उत्सवातला श्रद्धेचा वेश आहे, गंमत म्हणून घालायचा नाही. तो कोलाजमध्ये करायचाच असेल, तर आधी जाणकार गोंड शेजाऱ्याला विचारा, आणि चित्राखाली त्याचं नाव व सणही लिहा.

काय काळजी घ्यावी?

पानं-पिसं गोळा करायला मुलांना जंगलाकडे पाठवू नका. ताडोब्याच्या आसपास आणि दोन्ही जिल्ह्यांत वाघ-बिबट्यांचा वावर आहे. अंगणातलं वाळलेलं पान पुरतं. फुटक्या काचेच्या बांगड्या आणि औषधांच्या पाकिटांच्या धारदार पट्ट्या वापरू नका. तीन वर्षांखालच्या मुलांपासून टिकल्या आणि बटणं दूर ठेवा.

कोलाज झालं की मुलाला त्या पात्राच्या तोंडचं एक वाक्य बोलायला सांगा. वाक्य सुचलं, तर त्याला माणूस कळला. स्पर्धेत नंबर आला नाही तरी ही कमाई भाड्याच्या ड्रेससारखी दुसऱ्या दिवशी परत द्यावी लागत नाही.