ओली गादी कुठल्या डब्यात?

परवाच्या वळवात आमच्या आळीतल्या चार-पाच घरांचे पत्रे उडाले. सकाळी घंटागाडी आली तेव्हा शेजारच्या काकू भिजून फुगलेली गादी ओढत बाहेर आल्या. "ओली आहे, हिरव्यात टाकू ना?" गाडीवाला म्हणाला, "नाय हो काकू, गादी सुक्यात. त्या झावळ्या ओल्यात." झावळ्या कडकडीत वाळलेल्या!

हसू नका. काकूंचं काही चुकलेलं नाही. हा गोंधळ पंचवीस वर्षं जुना आहे.

१९९४ साली सुरतेत प्लेग झाला आणि शहरातल्या कचऱ्याकडे देशाचं लक्ष गेलं. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल कचऱ्याचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे सप्टेंबर २००० मध्ये केंद्राचे नियम आले. त्यात कुजणाऱ्या कचऱ्याला हिरवा डबा, पुन्हा वापरात येणाऱ्याला पांढरा, उरलेल्याला काळा. म्हणजे प्रश्न कुजतं की नाही, एवढाच होता. पण 'जैवविघटनशील' कोणाच्या तोंडी बसणार? आपण ओला-सुका म्हणायला लागलो, आणि गादी तिथेच अडकली.

मग ५ जून २०१७ ला स्वच्छ भारतवाल्यांनी हिरवा-निळा आणला. पांढरा घरातून गेला. निळा मात्र दवाखान्यात काचेसाठी, घरात सुक्यासाठी! २०२० मध्ये कोरोना आला, विलगीकरणातल्या घरांना पिवळ्या पिशव्या सांगितल्या. आणि त्याच धांदलीत ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. ताशी १००-११० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांवर छप्पर राहिलं नाही. त्या ढिगाऱ्याला रंग कुठला?

कुठलाच नाही. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम २०१६ पासून वेगळेच आहेत. तो घरमालकाने वेगळा ठेवायचा, उचलायची सोय पालिकेने करायची. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंगाचे डबे हा घरातला घातक कचरा, त्यासाठी जमा केंद्र हवं. नियम आहेत हो सगळे, पण आमच्या गाडीला कप्पे दोनच.

मला काळजी गादीची नाही, सिमेंटच्या फुटक्या पत्र्यांची आहे. बऱ्याच जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फुटलं की त्याचे बारीक तंतू उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. परवा गाडीवरचा पोरगा हेच तुकडे उघड्या हातांनी उचलून सुक्यात टाकत होता. तोंडाला साधा रुमालही नव्हता. जे गाडीत मावले नाहीत ते रात्री कुणीतरी खाडीच्या कडेला टाकून आलं.

आम्ही आळीतल्या अकरा जणांनी सोमवारी अर्ज दिलाय. पावसाळाभर आठवड्यातून एक फेरी फक्त राडारोडा नि पत्र्यांसाठी, आणि त्या पोराला हातमोजे, मास्क. पोच मिळाली आहे. पत्रे सध्या ओले करून, प्लास्टिकखाली झाकून ठेवलेत, तुम्हीही फोडू नका. काकूंची गादी अजून कट्ट्यावर वाळतेय.