नांदूर मध्यमेश्वर हिवाळी पक्षीगणना

नांदूर मध्यमेश्वर हिवाळी पक्षीगणना म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात थंडीच्या हंगामात केली जाणारी पाणपक्ष्यांची मोजणी होय. वन विभागाच्या नाशिक वन्यजीव शाखेचे कर्मचारी, नेचर कन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिकसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि परिसरातील गावांमधील पक्षी मार्गदर्शक तीत भाग घेतात. हंगामात ती एकाहून अधिक वेळा होते. जानेवारीतील मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या काळात येते.

पार्श्वभूमी

गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी, ब्रिटिश राजवटीत, सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. पुढील काळात गाळ साचून त्यामागे उथळ पाणी, बेटे व दलदल तयार झाली. जलसाठ्याच्या दृष्टीने हा तोटाच. मात्र चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांना हवी असते ती नेमकी अशीच जागा. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी या परिसराची तुलना भरतपूरशी केल्याचे सांगितले जाते व ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. २०१९ मध्ये ही पाणथळ रामसर यादीत समाविष्ट झाली. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ होय.

आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ मध्ये सुरू झाली. तिचाच भाग असलेली आशियाई गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते. भारतात वेटलँड्स इंटरनॅशनल आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी तिचे समन्वयन करतात.

पद्धत

चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे, कुरुडगाव अशा ठिकाणी गट नेमले जातात. सर्व गट सकाळी एकाच वेळी मोजणी सुरू करतात. तसे न केल्यास चापडगावहून उडालेला थवा मांजरगावात पुन्हा मोजला जाण्याचा संभव असतो. थवा उडून गेल्यास त्याची वेळ व दिशा नोंदवून नंतर गटांची पत्रके ताडून पाहतात.

लहान थव्यातील पक्षी एकेक करून मोजता येतात. वारकरी किंवा तलवार बदकांचा दाट थवा असेल तर आधी दहा, पन्नास किंवा शंभर पक्ष्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांनी ठरवायची आणि असे किती भाग भरतात ते पाहायचे, अशी रीत आहे. दलदली भोवत्या वरून फिरू लागला की सारा थवा उठतो आणि मोजणी नव्याने करावी लागते. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, चित्रबलाक हे सहज ओळखू येतात. खरी कसोटी लागते ती बदकांच्या माद्या आणि तुतवार ओळखताना. अशा वेळी अंदाजाने जातीचे नाव लिहिण्यापेक्षा ‘अनोळखी बदक’ अशी नोंद अधिक उपयोगी ठरते.

निफाड परिसर थंडीसाठी प्रसिद्ध आहे. येथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते. द्राक्षबागायतदारांना धास्ती घालणारे हेच धुके दुर्बिणीपुढेही पडदा धरते आणि मोजणीला उशीर होतो.

आकड्यांचा अर्थ

गणनेतून मिळणारी संख्या म्हणजे अभयारण्यातील एकूण पक्षी नव्हेत. पाणवनस्पतींआड बसलेले पक्षी सुटतात; उसात वा गव्हाच्या शेतात गेलेले मोजणीत येत नाहीत. त्याच जागा, तोच काळ आणि तीच पद्धत राखून वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींतूनच वाढ-घट कळते.

तरीही एका वर्षाची घट फसवी असू शकते. बंधाऱ्यातील पाणी गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहाता भागातील शेतीला जाते आणि वरच्या अंगाच्या गंगापूर, दारणा या धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनानुसार येथील पातळी बदलते. पाणी चढले की चिखलपट्ट्या बुडतात व पाणटिवळ्यांसारखे काठाचे पक्षी दुसरीकडे जातात; फार उतरले तर बदके हलतात. त्यामुळे पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवसाची पाणीपातळी लिहिलेली नसेल, तर ती घट मध्य आशियातील प्रजननक्षेत्रातली की आदल्या आठवड्यातील आवर्तनाची, हे सांगता येत नाही. वृत्तपत्रांत ‘यंदा पक्षी घटले’ असा मथळा येतो तेव्हा हा भेद बहुधा हरवतो.

उपयोग

रामसर करारातील एका निकषानुसार नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असलेली, तर दुसऱ्यानुसार एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या समष्टीपैकी एक टक्का पक्ष्यांना नियमित आधार देणारी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. दोन्ही निकष तपासण्यास अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. जलपर्णीचा फैलाव, नाशिक शहराकडून येणारे सांडपाणी, मासेमारी आणि गाळ काढण्याची मागणी यांवर निर्णय घेतानाही याच नोंदींचा आधार घेता येतो. गाळाचा प्रश्न विशेष नाजूक आहे: सिंचनासाठी तो काढणे इष्ट, तर चिखलपट्टीवर जगणाऱ्या पक्ष्यांसाठी तो तेथेच राहणे आवश्यक. कोणत्या बेटाभोवती कोणते पक्षी किती संख्येने उतरतात, हे केंद्रनिहाय पत्रकांतूनच कळते.