कल्हई कोणती, भांडं कोणतं?

भंडाऱ्यात घड्याळांच्या इतिहासावर बोलायचं तर सुरुवात पितळेपासून करू. या शहराला पितळनगरी म्हणतात. आपल्या घरांत पितळेची पातेली होती आणि त्यांना अधूनमधून कल्हई व्हायची. कल्हई झिजली की नवी लावायची. तेवढ्यासाठी कुणी पातेलं मोडीत घालत नसे. घड्याळाच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार आपण विसरतो.

समजा, कपाटात आजोबांचं फाव्र-लूबा किंवा वेस्ट एंडचं घड्याळ सापडलं. नातू ते दुरुस्तीला नेतो. "काय काय बदलू?" या प्रश्नावर तो म्हणतो, "सगळं नव्यासारखं करून द्या." घोटाळा इथेच होतो.

थोडं मागे जाऊ. स्विस बनावटीची ही घड्याळं आपल्याकडे मुंबईमार्गे आली. वेस्ट एंड हे नाव इथे १८८६ पासूनचं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि सुटे भाग मिळेनासे झाले. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, पण परदेशी घड्याळांच्या सुट्या भागांची अडचण त्याने सुटणार नव्हती. मग आपल्या कारागिरांनी एका बंद घड्याळाचे भाग काढून दुसरं चालू केलं, उडालेल्या डायल नव्याने रंगवल्या. ती गरज होती, कौशल्यही होतं. पुढे मात्र गिऱ्हाईक खेचण्यासाठी भडक रंगांच्या डायल घातलेली जुनी घड्याळं बाजारात आली. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

मग घड्याळातली कल्हई कोणती? तेल, रबरी वॉशर, चरे पडलेली साधी काच आणि कमान, म्हणजे मेनस्प्रिंग. जुनी पोलादी कमान थकते, तुटते. नवी मिश्रधातूची बसवताना हळहळ नको. हे भाग झिजण्यासाठीच असतात.

चक्रांचं मात्र भिंगाखाली पाहून ठरवावं. मोठी चक्रं पितळेची, त्यांच्यात अडकणारी छोटी दातेरी चक्रं पोलादाची. आपल्याला वाटतं, मऊ पितळ आधी झिजेल. पुष्कळदा उलटं घडतं. आत शिरलेली बारीक धूळ पितळेत रुतून बसते आणि कानशीसारखी समोरचं पोलाद खाते. पितळेचं चक्र नीट साफ न करता नुसतं पोलादी चक्र बदललं, तर नवंही तसंच झिजणार.

आणि भांडं कोणतं? डायल, काटे, केस. डायलवर कधी विकणाऱ्या पेढीचं नाव असतं, केसच्या मागे कधी निवृत्तीच्या वेळी कोरून दिलेली तारीख. जोरात पॉलिश केलं की ती तारीख पुसट होते. पिवळी पडलेली डायल वेळ बरोबरच दाखवते. ती बदलली तर चालण्यात काही फरक पडत नाही, पुरावा मात्र जातो.

म्हणून काहीच बदलू नये, असं आमचं म्हणणं नाही. गंजलेला भाग शेजारच्याला बिघडवत असेल तर तो काढलाच पाहिजे. जुन्या डायलवरचा चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. तो चमकेनासा झाला तरी रेडियम संपलेलं नसतं, कारण त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. तो घरी खरवडू नका; त्याची धूळ श्वासातून शरीरात जाणं घातक आहे.

तेव्हा घड्याळ देतानाच दोन गोष्टी सांगा. डायल, काटे आणि केस यांना आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून, तारीख घालून परत द्या. आजचा निर्णय चुकला, तर नातवाच्या नातवाला तो त्या पुडीतून दुरुस्त करता येईल.