नामसाम्य : व्यक्ती आणि पात्र
(झाशीच्या बड्या बाजाराच्या परिसरातील उदाहरणांवरून)

प्रथम पदांचे अर्थ निश्चित करू. ज्याला जन्म, मृत्यू आणि दोहोंमधला काळ आहे तो नामधारी म्हणजे 'व्यक्ती'. ज्याचे अस्तित्व एखाद्या रचनेच्या आश्रयाने राहते ते 'पात्र'. दोन भिन्न नामधारकांचे पहिले नाव एकच असणे म्हणजे 'नामसाम्य'. कुलनाम आणि पदवी यांचा विचार येथे वर्ज्य आहे, कारण त्या मुळातच अनेकांनी वाटून घेण्यासाठी असतात.

पतंजलींनी शब्दांचे जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि यदृच्छा असे चार वर्ग मानले. विशेषनाम हा यदृच्छाशब्द होय. 'डित्थ' किंवा 'डवित्थ' म्हणण्याला त्या मनुष्याच्या अंगचा कोणताही गुण कारण नसतो. म्हणून दोन डित्थांमध्ये नावापलीकडे काहीही समान असण्याचे कारण नाही. याउलट 'बडा बाजार' हे नाव कलकत्त्यालाही आहे आणि झाशीलाही. पण ते वर्णन आहे, दोन्ही बाजार मोठे असल्याने दोघांनाही ते यथार्थ लागते. एकनाम मनुष्यांना अशी सोय नाही. तरीही समाज एकनाम मनुष्यांना परस्परांशी जोडत राहतो. हे जोडणे कोणत्या कारणाने घडते, हा प्रस्तुत विषय.

कारणभेदाने नामसाम्य तीन प्रकारचे होते : (१) यादृच्छिक, म्हणजे दोन्ही नावे स्वतंत्रपणे ठेवलेली, (२) संकल्पित, म्हणजे एक नाव दुसऱ्याला स्मरून ठेवलेले, (३) प्रातिनिधिक, म्हणजे एकाने दुसऱ्याचे नाव त्याच्या जागी उभे राहण्यासाठी घेतलेले. आश्रयभेदाने व्यक्ती-व्यक्ती आणि व्यक्ती-पात्र असे दोन प्रकार होतात. पात्र-पात्र हा तिसरा प्रकार संभवतो. पण तो ग्रंथालयाबाहेर कोणाला अडचणीत टाकत नाही, म्हणून सोडून देऊ.

व्यक्ती-व्यक्ती साम्याचे शुद्ध यादृच्छिक उदाहरण अली बहादूर या नावात सापडते. झाशीचे राजे रघुनाथराव यांचा पुत्र अली बहादूर. बांद्याचे नवाब, बाजीराव आणि मस्तानी यांचे वंशज, तेही अली बहादूर. दोघेही १८५७च्या काळातले. बांद्याचे नवाब झाशीच्या राणी लक्ष्मीबाईच्या बाजूने लढले. झाशीचा अली बहादूर वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीत राणीच्या विरोधात उभा दिसतो. केवळ नाव लक्षात ठेवणारा वाचक एकाचे श्रेय दुसऱ्याला देईल आणि एकाचा दोष दुसऱ्यावर घालील. येथे उपाय सोपा आहे : नावामागे गाव लावावे. यादृच्छिक साम्याने होणारा भ्रम विशेषणाने फिटतो.

संकल्पित साम्याचा भ्रम तसा फिटत नाही. राणीचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांना १८५१ मध्ये झालेला पुत्र दामोदर काही महिन्यांचा होऊन वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी आप्तांतला आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. येथे दुसरा पहिल्याच्या नावात राहायला आला आहे. हे नाव यदृच्छाशब्द म्हणता येत नाही, कारण त्याला प्रवृत्तिनिमित्त, म्हणजे ते नाव लागण्याचे कारण, आहे; ते निमित्त गुण नसून रिकामी झालेली जागा आहे. डलहौसीच्या सरकारने दत्तक नाकारले. नाव मात्र दामोदररावांकडेच राहिले. १९०६ मध्ये इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

राणीचे नावही संकल्पितच. काशीत जन्मलेली मणिकर्णिका तांबे १८४२च्या विवाहानंतर लक्ष्मीबाई झाली. ताटातल्या तांदळांत वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत महाराष्ट्रीय घरांना परिचित आहे. सासरचे कुलदैवत महालक्ष्मी. पहिले नाव तीर्थाचे, दुसरे देवतेचे. दोन्हींत तिचे स्वतःचे मत कोणी विचारलेले नाही, हे जाता जाता नोंदवणे योग्य.

आता व्यक्ती-पात्र साम्य. धनंजयाने दशरूपकात कथावस्तूचे प्रख्यात (इतिहासप्रसिद्ध), उत्पाद्य (कल्पित) आणि मिश्र असे भेद केले. तेच पात्रांना लावता येतात. वर्मा व्यवसायाने झाशीतले वकील होते. त्यांची 'झाँसी की रानी' ही हिंदी कादंबरी १९४६ मध्ये आली. तिच्यातली लक्ष्मीबाई प्रख्यात. गंगाधररावांना नाटकाचा नाद होता, ते स्वतः स्त्रीभूमिका करीत. त्या नाटकशाळेत वर्मांनी मोतीबाई आणि जूही यांना उभे केले आहे. नाट्यशास्त्रात परिचारिकांना फुलांची नावे द्यावीत असा संकेत आहे आणि जूही हे फुलाचेच नाव. यावरून ती कल्पित ठरते काय? ठरत नाही. फुलांची नावे प्रत्यक्ष मुलींनाही ठेवतात. नाव शास्त्रसंकेताशी जुळते एवढ्यावरून नामधारकाची सत्ता सिद्धही होत नाही आणि बाधितही होत नाही. हा निष्कर्ष पुढे लागेल.

मोतीबाईचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. झाशीच्या किल्ल्यात राणीचे तोफची गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष यांच्यासह मोतीबाईची कबर दाखवली जाते. म्हणजे एकच नाव दगडाखालीही आहे आणि ग्रंथातही. उत्पत्तिक्रमाने पाहता व्यक्ती आधी, पात्र नंतर. परंतु ज्ञप्तिक्रम उलटा असतो : कादंबरी वाचलेला मनुष्य किल्ला चढतो, तेव्हा पात्र त्याला आधीपासून परिचित असते आणि कबर नंतर भेटते. तो कबरीला ओळखतो ते पात्राच्या आधारे. मोतीबाईचे वय, स्वर, खुदाबक्षाविषयीचा अनुराग हे सर्व तो कादंबरीतून बरोबर घेऊन आलेला असतो. नाव एकच असल्यामुळे या आयातीवर कोठेही जकात लागत नाही. म्हणून व्यक्ती-पात्र नामसाम्यात 'दोघांत किती साम्य आहे' हा प्रश्न गौण होय. कोण कोणाच्या आधी कळला, हा मुख्य प्रश्न. जूहीसंबंधीचा निष्कर्षही याच मुद्द्याला बळकटी देतो : नावातून सत्तेविषयी काहीच कळत नसल्याने वाचक आधी मिळालेल्या ज्ञानावरच विसंबतो.

तिसरा, प्रातिनिधिक प्रकार झलकारीबाईच्या कथेत आहे. ती राणीसारखी दिसत असे. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्याच्या काळात राणीच्या वेषात ती इंग्रजांच्या छावणीत गेली आणि आपणच राणी असे तिने सांगितले, असे कथा सांगते. काही घटकांपुरती ती लक्ष्मीबाई या नावाची धारक झाली. या प्रसंगाला वर्मांच्या कादंबरीने फार मोठा प्रसार दिला. २००१ मध्ये भारत सरकारने झलकारीबाईच्या नावाचे टपाल तिकीट काढले. जिने दुसरीचे नाव घेतले तिचे स्वतःचे नाव त्यामुळेच टिकले. मागच्या परिच्छेदातला ज्ञप्तिक्रम येथे राजमुद्रेपर्यंत पोचलेला दिसतो.

प्रकार परस्परांत बदलूही शकतात. १९४३ मध्ये सिंगापूर येथे आझाद हिंद सेनेत 'झाशीची राणी' पथक उभे राहिले आणि त्याचे नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे आले. १९१४ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे नाव दक्षिणेत घरोघर आढळणारे. त्या साम्याला झाशीची अपेक्षा नव्हती. पथकाचे नाव मात्र संकल्पित. दोन्ही एकत्र येताच यादृच्छिक साम्य संकल्पित भासू लागले, आणि कॅप्टन लक्ष्मी म्हटले की ऐकणाऱ्याला राणी आठवू लागली. मूळ कारण न बदलता साम्याचा वर्ग बदलला.

एक शंका उरते. वरील सर्व विचार 'लक्ष्मी' या पहिल्या नावाभोवती फिरला. पण राणीच्या हयातीत हे नाव कितीजण उच्चारत होते? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८च्या वेढ्यात झाशीत होते. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणी येते ती बहुधा 'बाईसाहेब' म्हणून. वाड्यात, मंदिरात, बाजारात तिच्याविषयी बोलताना एकेरी नावाची गरज कोणालाच नव्हती. पहिले नाव तिला न पाहिलेल्यांच्या वापरातले आहे. आरंभी पदवी म्हणून जे विचारातून वगळले, त्याच शब्दाने तिला पाहणारे तिला ओळखत होते.