मुद्राक्षर आरेखन, देवनागरी : अवघड अक्षरवळणे

छपाईसाठी लागणाऱ्या अक्षरांची वळणे ठरवून ती धातूचा खिळा, छायाफीत किंवा संगणकीय टंक यांच्या रूपाने सिद्ध करणे म्हणजे मुद्राक्षर आरेखन होय. देवनागरीतील कोणती अक्षरे रेखाटण्यास सर्वांत अवघड, असा प्रश्न केल्यास सामान्यतः क्ष, ज्ञ, द्ध, ह्म अशी गुंतागुंतीची जोडाक्षरे सांगितली जातात. प्रत्यक्षात ही अक्षरे आरेखकाला तितकीशी छळत नाहीत. ती मजकुरात विरळ येतात आणि त्यांतील थोडेफार वैगुण्य वाचकाच्या नजरेतून सुटते. खरी कसोटी लागते ती र, ह, ळ यांसारख्या साध्या दिसणाऱ्या व ओळीगणिक भेटणाऱ्या अक्षरांत, आणि त्याहूनही अधिक ती ऱ्हस्व वेलांटी, रफार व अर्धा र या चिन्हांत. अवघडपणा अक्षराच्या आकृतीइतकाच साधनावरही अवलंबून असल्याने साधने पालटली तशी अवघड अक्षरांची यादीही पालटत गेली.

प्रस्तुत नोंदीत उदाहरणांसाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील स्थलनामे घेतली आहेत. या जिल्ह्याचा मराठी मुद्रणाच्या पूर्वेतिहासाशी संबंध आहे, शिवाय येथील गावांच्या नावांत जवळजवळ सर्व अडचणीची वळणे आढळतात.

बोरू आणि पोलाद : देवनागरीचे वळण बोरूच्या तिरप्या कतीतून घडलेले आहे. ही कत रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट दिशेने कापलेली असते. त्यामुळे डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेघ जाड, तर खाली उतरणारी रेघ बारीक उमटते. हाताने लिहिताना ही जाडी आपोआप साधते. ठसा कोरणाऱ्याला मात्र ती जाणून-मापून आणावी लागते. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरतात, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका तयार करतात आणि मातृकेत शिसे, कथील व अँटिमनी यांचा मिश्रधातू ओतून खिळा पाडतात. या कामात अक्षराच्या रेघांइतकेच त्यांच्या आतील पोकळ्यांना महत्त्व असते. पोकळी उथळ वा अरुंद राहिली की तीत शाई साचते व छपाईत अक्षर आंधळे होते.

इतिहास : नेवासे येथे १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढे साडेपाच शतके हस्तलिखितांतूनच पसरली. तिची पहिली छापील आवृत्ती १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांनी काढली, ती खिळ्यांवर नव्हे तर शिळाछापावर. यामागे देवनागरी खिळ्यांची तत्कालीन अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले होते (अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर शहराचा त्याच्याशी केवळ नामसाम्याचा संबंध आहे). मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ मध्ये कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांवर मराठी छपाईस आरंभ केला. हे खिळे बोजड होते आणि त्यांचे वळण महाराष्ट्रातील लेखकांच्या हातवळणाहून निराळे होते. शिळाछापात लेखकाच्या हातचे अक्षर जसेच्या तसे उमटते. जोडाक्षर कितीही लांबले, वेलांटी कितीही रुंद झाली, तरी तेथे अडत नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढून मराठी मुद्रणव्यवसायाचा पाया घातला, तो याच सोयीमुळे. थोडक्यात, शिळाछापाला अवघड अक्षर असे नव्हतेच.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे केंद्र उघडले व तेथूनच १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले; पुढे त्याचे प्रकाशन मुंबईस गेले. शाळा, क्रमिक पुस्तके व नियतकालिक यांच्यासाठी लहान, सुवाच्य आणि झटपट जुळवता येणाऱ्या खिळ्यांची निकड होती. ती मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहम यांनी बऱ्याच अंशी भागविली. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये अक्षरांची ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे आजही देवनागरीचा आदर्श म्हणून पाहिले जातात. निर्णयसागर वळणाचे वैशिष्ट्य असे, की त्यात बोरूची आठवण कायम राहूनही प्रत्येक पोकळी मोकळी ठेवलेली आहे.

दंडहीन अक्षरे : देवनागरीतील बहुसंख्य व्यंजनांना उजवीकडे उभा दंड असतो. ग, न, प, म, व इत्यादींचे दंड समान अंतराने उभे राहिले की ओळीला लय येते. ‘शेवगाव’ या नावात चारही अक्षरे दंडयुक्त असल्याने कोणत्याही टंकात ते व्यवस्थित दिसते. याउलट ‘भंडारदरा’ हे नाव घ्यावे. त्यात भ वगळता ड, र, द, र ही चारही अक्षरे अंगच्या दंडाविना आहेत. दोन र आणि त्यांमधील द यांच्याखाली पांढऱ्या जागा पडतात व शब्द मध्येच फाटल्यासारखा दिसतो. र रुंद केला तर तो इतर अक्षरांशेजारी आडवा पसरतो, अरुंद ठेवला तर पोकळी वाढते. त्याला स्वतःची घनता जवळपास नसते, आणि मराठीत तर तो सतत येतो. म्हणून नव्या टंकाचे परीक्षण करताना जाणकार प्रथम र पाहतात, ते उगीच नव्हे.

ह ची अडचण तोलाची आहे. आखूड देठ, डावीकडे उघडे पोट, त्याखाली उलटे वळण आणि शेवटी खाली ओघळणारी शेपटी, असे त्याचे चार भाग परस्परविरुद्ध दिशांना खेचतात. देठ किंचित सरकला तरी अक्षर पुढे कलंडते. इ, ड, द हे त्याचेच भाऊबंद होत. एकाचे वळण बदलले की सर्वांचे बदलावे लागते. शिवाय हृ, ह्म, ह्य यांत दुसरे अक्षर ह च्या पोटातच सामावून घ्यावे लागते.

ळ हे अक्षर मराठीचे खास धन होय. दोन वाटोळी शेजारीशेजारी आणि त्यांना पेलणारी आखूड मान, एवढाच त्याचा ऐवज. दोन्ही वाटोळी सारखी काढली तर डोळ्यांना उजवे मोठे भासते, त्यामुळे त्यांत मुद्दाम सूक्ष्म फरक करावा लागतो. लहान आकारात दोन्ही पोकळ्या शाईने बुजण्याचा धोका असतो. ‘कळसूबाई’ किंवा ‘राळेगण’ या नावांतील ळ नीट उठला, तर इतर अक्षरांची चिंता सहसा उरत नाही. ‘डोळ्यात’ यासारख्या शब्दात ळ ला छाटण्याजोगा दंडच नसल्याने अर्धे रूप शक्य होत नाही व पुढच्या य ला निराळा आकार द्यावा लागतो. हीच गत ट, ठ, ड, ढ यांची. उत्तरेत आरेखित झालेल्या अनेक टंकांत ळ हा केवळ संच पुरा करण्यासाठी काढलेला असतो, हे त्याच्या ओबडधोबड वाटोळ्यांवरून लगेच ओळखू येते.

झ या अक्षरात मध्यभागी बऱ्याच रेघांची दाटी होते, तर ण मध्ये दंडांची. मात्र दोहोंची मुंबईकडील वळणे उत्तरेकडील जुन्या वळणांहून स्पष्ट असल्याने, अ प्रमाणेच तीही पुढे प्रमाण देवनागरीत स्वीकारली गेली.

भ्रम उत्पन्न करणारी अक्षरे : काही अक्षरे काढण्यास सोपी, पण शेजारच्या अक्षराहून वेगळी राखण्यास कठीण असतात. जुन्या वळणाचा ख हा र आणि व असा वाचला जातो, त्यामुळे ‘जामखेड’चे ‘जामरवेड’ होऊ शकते. लिपिसुधारणेत ख चे दोन्ही भाग तळाशी जोडण्यात आले ते यासाठीच. भ आणि म, तसेच ध आणि घ यांतील फरक मुख्यतः शिरोरेषेच्या लहानशा खंडावर अवलंबून आहे. खिळा झिजला किंवा शाई जास्त झाली की हा खंड भरून येतो व ‘भंडारदरा’ ‘मंडारदरा’ होतो. ध च्या माथ्यावरील वळसा ठळक करण्याचा उपाय यातूनच निघाला.

वेलांटी, रफार आणि यंत्रे : मराठीतील ३४ व्यंजनांची बाराखडीप्रमाणे प्रत्येकी १२ रूपे धरली तरी ४०८ आकृत्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. इतके खिळे कोरणे, साठवणे व जुळवणे जिकिरीचे असल्याने मात्रा, वेलांट्या व उकार स्वतंत्र लहान खिळ्यांवर घेऊन ओळ थरांत जुळवण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली. खिळे कमी झाले, पण जुळाऱ्याचे श्रम वाढले, आणि शिरोरेषेजवळ सांधे दिसू लागले. ‘शिर्डी’ व ‘पाथर्डी’ या नावांत डी ची वेलांटी आणि रफार एकाच कोपऱ्यात येतात. ‘कार्यकर्त्यांनी’ या शब्दात रफार व अनुस्वार एकाच कान्यावर बसतात. अशा जागी चिन्हे लहान केली तर वाचत नाहीत आणि मोठी ठेवली तर वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात.

लायनोटाइप यंत्राने अडचणीचे स्वरूप बदलले. हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांनी १९३० च्या दशकात देवनागरी त्यावर चढली, तेव्हा ९० कळांच्या मर्यादेत लिपी बसवावी लागली. त्यातच या यंत्राच्या मातृका एकमेकींवर झुकू शकत नसत. ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर पसरून त्याच्या दंडाला टेकावी हा तिचा धर्म. यंत्रात ती तोकडी राहिली. या अडचणीवर तोडगा म्हणून १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दंडाने दाखवावी असे ठरले. यंत्राच्या सोयीसाठी लिपीनेच मोडता घालून घ्यावा, हा तो निर्णय वाचकांनी मानला नाही व काही वर्षांतच तो मागे घेण्यात आला. देवनागरी मुद्राक्षरांच्या या सर्व प्रयोगांचा सविस्तर परामर्श बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीन खंडांच्या इंग्रजी ग्रंथात घेतला आहे.

संगणकीय टंकांत कमानीचा प्रश्न सुटला आहे. एकाच टंकात वेलांटीची निरनिराळ्या रुंदीची रूपे ठेवता येतात आणि पुढील अक्षर वा जोडाक्षर पाहून योग्य ते रूप आपोआप निवडले जाते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा विंडोज २००० बरोबर आलेला टंक या परिवर्तनातील एक टप्पा होय.

मराठीपुरती वळणे : यंत्राची अडचण संपल्यावर जी अक्षरे अवघड उरली, ती बहुतांशी इतर देवनागरी भाषांना नको असलेली आहेत. त्यांत अर्धा र प्रमुख होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा भेद एका बारीक, पापणीसारख्या रेघेवर उभा आहे. ती रेघ य च्या पोटाला चिकटली तर दिसत नाही, दूर ठेवली तर निराळे चिन्ह भासते. टंकात तिची सोय नसेल तर तिच्या जागी रफार येतो आणि अकोले तालुक्यातील डोंगरदऱ्यांत समुद्र अवतरतो. सहकारी साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द सूचनाफलक, अहवाल व पावत्या यांवर इतका वेळा येतो, की ही त्रुटी तेथे क्षुल्लक मानता येत नाही.

ल आणि श यांचे मराठी वळण हा दुसरा प्रश्न. मराठी ल ला दोन पाकळ्या व वर मधोमध आखूड देठ असतो, तर उत्तरेकडील ल ला उजवीकडे उभा दंड असतो. मराठी श चा डावा भाग देठाने शिरोरेषेला टांगलेला असतो. ‘श्रीगोंदे’ व ‘हरिश्चंद्रगड’ या नावांत तोच श जोडाक्षरात शिरताना आणखी वेगळे रूप घेतो. अ, झ, ण यांची मुंबई वळणे देशभर स्वीकारली गेली. ल व श यांची गेली नाहीत. परिणामी मराठी मुले पाटीवर एक अक्षर गिरवीत आणि पडद्यावर दुसरे वाचीत, अशी स्थिती उत्पन्न झाली. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणांना मान्यता दिली. त्यानंतर अनेक आरेखकांनी एकाच टंकात दोन्ही वळणे ठेवण्यास आरंभ केला. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद केली की मराठी वळणे उमटतात. ही नोंद करण्याकडे मात्र कार्यालयांत सर्रास दुर्लक्ष होते.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलल्यावर या प्रश्नाची प्रचिती आली. ‘अहमदनगर’ या नावातील सातही अक्षरे सुटी असून त्यांत काना, वेलांटी वा जोडाक्षर नाही. सर्वांत जुन्या व अपुऱ्या खिळ्यांनीही ते बिनचूक छापता येत असे. ‘अहिल्यानगर’ या नावात ह वर पसरणारी ऱ्हस्व वेलांटी आहे व तिच्यापाठोपाठ अर्धा ल येतो. उत्तरेकडील ल चा दंड छाटला की त्याचे अर्धे रूप तयार होते; मराठी ल ला तसा दंडच नसल्याने उजवी पाकळी किती ठेवायची आणि ती य ला कोठे जोडायची, हे प्रत्येक आरेखकाला स्वतंत्रपणे ठरवावे लागते.