प्रौढांसाठीची पुरुष-मासिके, ब्रिटिश

नग्न वा अर्धनग्न स्त्रियांची छायाचित्रे हे मुख्य आकर्षण असलेली, पुरुष वाचकांसाठीची ब्रिटिश नियतकालिके. दुकानात ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा सर्वांत वरच्या फळीवर ठेवत. त्यावरून त्यांना ‘टॉप शेल्फ’ मासिके म्हणू लागले.

प्रारंभ : ‘मेन ओन्ली’ (१९३५) हे खिशात मावणारे मासिक मूळचे विनोद आणि कथांचे. स्टीफन लोरांट या हंगेरियन संपादकाचे ‘लिलिपुट’ (१९३७) समोरासमोरच्या पानांवरील छायाचित्रांच्या मिस्कील जोड्यांसाठी नावाजले गेले. नग्न छायाचित्रे त्यात कलेच्या नावाखाली येत. १९६० मध्ये ते ‘मेन ओन्ली’त विलीन झाले. छायाचित्रकार हॅरिसन मार्क्स यांचे ‘कॅमेरा’ १९५७ चे.

कायदा : या मासिकांना वळण लावण्यात संपादकांहून कायद्याचा वाटा मोठा. १८५७ च्या अश्लील प्रकाशन कायद्याचा अर्थ लावताना १८६८ च्या हिकलिन खटल्यात न्यायालयाने कसोटी ठरवली : ज्यांच्या मनावर असा परिणाम होऊ शकतो, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय? या कसोटीमुळे निवडक उताऱ्यांवरूनही आख्खे पुस्तक दोषी ठरू शके. १९५९ च्या कायद्याने कृती समग्र पाहण्याचा दंडक घातला आणि लोकहिताचा बचाव मान्य केला. पुढच्याच वर्षी ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’प्रकरणी पेंग्विन ही प्रकाशनसंस्था निर्दोष सुटली. याच कादंबरीच्या विक्रीवरून मुंबईतील पुस्तकविक्रेत्यावर झालेल्या खटल्यात (रणजित उदेशी वि. महाराष्ट्र राज्य) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये हिकलिन कसोटीच ग्राह्य धरून शिक्षा कायम केली, ती कसोटी भारतात बाजूला पडली २०१४ मध्ये. ब्रिटनमध्येही आयातीला १८७६ चा सीमाशुल्क कायदा लागू राहिला. त्यात माल नुसता ‘असभ्य’ ठरला तरी जप्त होई. देशी मालाला सैल आणि परदेशी मालाला कडक असा हा दुहेरी न्याय स्थानिक प्रकाशकांच्या पथ्यावर पडला.

भरभराट : बॉब गुच्चिओनी या अमेरिकनाने १९६५ मध्ये लंडनहून ‘पेंटहाउस’ काढले, त्याची अमेरिकन आवृत्ती नंतरची (१९६९). ‘मेफेअर’ (१९६६) मध्ये कादंबरीकार विल्यम बरोज सदर लिहीत. लंडनच्या सोहो भागातील रेव्ह्यूबार या नग्ननृत्य क्लबचे मालक पॉल रेमंड यांनी १९७१ मध्ये ‘मेन ओन्ली’ विकत घेऊन त्याचे रूप पार पालटले आणि पुढे ‘मेफेअर’ही घेतले. डेव्हिड सलिव्हन यांनी १९७४ च्या आपल्या मासिकाचे नाव ‘व्हाइटहाउस’ ठेवले, ते अश्लीलताविरोधी चळवळीच्या मेरी व्हाइटहाउस यांना डिवचण्यासाठी.

पोलीस प्रकरण : कायदा राबवणारे लंडन पोलिसांचे अश्लील प्रकाशन पथकच सोहोच्या दुकानदारांकडून नियमित हप्ते घेत होते. आयुक्त रॉबर्ट मार्क यांच्या काळात ते उघडकीस आले. १९७७ मध्ये पथकाचे माजी प्रमुख बिल मूडी यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७९ च्या अहवालात अश्लीलतेविषयीचे कायदे नव्याने रचण्याची शिफारस केली. ती बहुतांशी बाजूला राहिली. त्यानंतर आलेला १९८१ चा कायदा सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य प्रदर्शनापुरता होता.



उतरण : ‘लोडेड’ (१९९४), ‘एफएचएम’, ‘मॅक्सिम’ ही ‘लॅड्स मॅग’ म्हणून ओळखली जाणारी मासिके पूर्ण नग्नता टाळून खालच्या फळीवर आली आणि जुन्यांचा वाचक ओढून घेऊ लागली. २००४ मध्ये ‘नट्स’ व ‘झू’ ही साप्ताहिके निघाली. मग इंटरनेटने दोन्ही फळ्या रिकाम्या करत आणल्या. ‘नट्स’ २०१४ मध्ये थांबले. ‘एफएचएम’ व ‘झू’ बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०१५ मध्ये एकाच वेळी झाली.