कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

व्याख्यानाला आरंभ होण्यापूर्वी व्यासपीठावर एक ठरलेला प्रवेश होत असतो. कोणीतरी मायक्रोफोनवर टिचकी मारतो, “हॅलो, हॅलो” म्हणतो, यंत्र एकदा किंचाळते आणि मग वक्त्याची ओळख करून दिली जाते. या प्रवेशाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. परंतु आपला आवाज दूरवर पोचावा आणि मागे उरावा, या दोन इच्छांपायी माणसाने जी खटपट केली तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो नुसता यंत्रांचा इतिहास नव्हे. कोणाचा आवाज ऐकला जावा, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

आवाज टिपून पुन्हा ऐकविण्याची युक्ती एडिसनला १८७७ साली साधली. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी पुढे आणली. तबकडीचा ठसा एकदा धातूत उतरला, की त्यावरून पुष्कळ प्रती छापता येत. हेच साहित्य घेऊन फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापावयाच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारी. तिकडच्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे, हा त्यामागचा हेतू असे सांगतात.

त्या काळी ध्वनिमुद्रणात विजेचा प्रवेश झालेला नव्हता. गाणाऱ्याने भल्यामोठ्या कर्ण्याशी तोंड नेऊन गावयाचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी आणि कोरणीखाली फिरणारी मेणाची तबकडी, एवढाच संसार. मेण कोरण्याचे सारे बळ गळ्यातूनच यावयाचे. म्हणून हळू सुराला पुढे सरकावयाचे आणि तार सप्तकात आवाज चढला की मागे व्हावयाचे. सारे सुमारे तीन मिनिटांत आटोपावयाचे. चूक झाली तर खोडून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. मेण वाजवून पाहावे, तर वाजविण्यानेच ते खराब होई! तासभर रंगणारा ख्याल या तीन मिनिटांत बसविताना आमच्या गवयांनी काय काय गाळले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२५ साली चित्र पालटले. मायक्रोफोनने आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करावयाचे, ॲम्प्लिफायरने त्या बलवान करावयाच्या आणि त्या बळावर कोरणी चालवावयाची, अशी नवी पद्धत व्यवहारात आली. कर्ण्याला साधारणतः सेकंदाला २५० ते २५०० कंपनांच्या टप्प्यातलाच आवाज धड टिपता येई. नव्या पद्धतीने हा टप्पा सुमारे १०० ते ५००० पर्यंत रुंदावला. ‘स’ आणि ‘श’ यांतला भेद, तंबोऱ्याच्या जवारीची सूक्ष्म गुंज अशा गोष्टींना आता तबकडीवर जागा मिळू लागली.

मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब या दोन्ही युगांचे साक्षीदार. १९०५ च्या सुमारास ते कर्ण्यापुढे गायिले आणि १९३७ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या थोड्या वर्षांत मायक्रोफोनपुढे. त्यांचा आवाज बारीक, नाजूक आणि कमालीचा सुरेल. उत्तरकाळातील मुद्रिकांत साधनेचा वाटा मोठा आहेच. परंतु सुराची ती आस मेणापर्यंत पोचली, याचे श्रेय मायक्रोफोनलाही द्यावे लागेल.

सभेची कथाही अशीच. जेन्सन आणि प्रिडॅम हे दोघे कॅलिफोर्नियात प्रयोग करीत असता, मायक्रोफोन कर्ण्याच्या यंत्राला जोडताच ते किंचाळू लागले. त्या किंचाळीतून त्यांना लाउडस्पीकरची शक्ती कळली. २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी मोठ्या जमावापुढे तो चालवून दाखविला. १९१९ साली सॅन डिएगो येथे अध्यक्ष विल्सन याच साधनाने सुमारे ५०,००० लोकांपुढे बोलले. तोवर मोठ्या सभेत वक्ता व्हावयाचे तर आधी छाती दणकट लागे.

यंत्र किंचाळते याचे कारण सोपे आहे. लाउडस्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि हे चक्र थांबत नाही. उपायही सोपा: लाउडस्पीकर मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत आणि वक्त्याने मायक्रोफोन जवळ घ्यावा. अंतर दुप्पट झाले की तेथे पोचणारी आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. लांबट पटांगणात दुसरी अडचण उद्भवते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणून ३४ मीटर मागच्या कर्ण्याजवळ बसलेल्यास व्यासपीठाकडील शब्द दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि प्रत्येक शब्द दुहेरी होतो. मागच्या कर्ण्याचा आवाज तेवढाच विलंबाने सोडण्याची सोय आता झाली आहे. नुसता आवाज वाढवीत जाण्याने मात्र शब्द मोठे होतात, स्पष्ट होत नाहीत.

ज्या साधनाने नाजूक गळ्याला सभा मिळवून दिली, त्याच साधनाने सभेचे कानही किटविता येतात. यांतले काय घडावयाचे, हे पुष्कळदा मंडपाच्या कडेला बटणांपाशी बसलेल्या माणसावर ठरते. गौहरजानने आपले नाव पुकारून ठेवले. त्याचे नाव कोणी पुकारीत नाही. व्याख्यानाचा शेवटचा शब्द शेवटच्या रांगेत नीट ऐकू आला, तर घरी जाताना त्याला दोन शब्द बोलून जावे, एवढीच माझी विनंती.